हजार किलोची लिफ्ट, सहाशेचं काउंटरवेट

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन पाय वर करून बसले आणि मनाशी ठरवलं, की आता या जन्मात कुणालाही घर्षण समजावून सांगायचं नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं, बाकीच्यांना घसरून पडल्यावर समजेल. चार वर्षं हा निश्चय टिकला. मग एका रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांच्याकडे आता तुम्हीच बघा," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत. पुस्तक उघडतात आणि पंधरा मिनिटांत घोरायला लागतात."

'हे' म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय वर्षं त्रेपन्न. सत्तावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करतोय. शहरात एखादी लिफ्ट कुठे अडकली, तर ती का अडकली असेल हे तो फोनवरचा आवाज ऐकून सांगतो, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघतं. पण आता नवा नियम आला होता. लिफ्ट तपासून ती चालवायला योग्य आहे अशी सही ज्याने करायची, त्याच्याकडे सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी एक प्रात्यक्षिक आणि एक लेखी परीक्षा. प्रात्यक्षिकात धाकट्याला शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले होते. परीक्षकच म्हणे त्याला दोन शंका विचारून गेले. लेखीत मात्र पहिल्या वेळी एकतीस, दुसऱ्या वेळी अडतीस. पास व्हायला पन्नास लागतात आणि तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदाही नापास झाला, तर कंपनी त्याला शाफ्टमधून, म्हणजे लिफ्टच्या विहिरीतून, काढून स्टोअरमध्ये बसवणार होती, नट-बोल्ट आणि ग्रीसचे डबे सांभाळायला.

"स्टोअरमध्ये बसवलं तर वर्षभरात अंथरूण धरतील हो ते," भावजय म्हणाली. तिचा आवाज कापरा झाला होता. मी लगेच हो म्हटलं.

लगेच हो म्हणायला दुसरंही कारण होतं. अडतीस वर्षांपूर्वी त्याला दहावीला मीच शिकवलं होतं. मी चोवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली, अंगात नव्या मास्तरणीचा जोर. तो पंधरा वर्षांचा. मी शिकवलं, ओरडले, वह्या भिरकावल्या, आणि तो विज्ञान आणि गणित दोन्हींत नापास झाला. पुन्हा बसलाच नाही, एका वर्कशॉपमध्ये चिकटला. "आमच्या धाकट्याचं डोकं चालत नाही, पण हात चालतात," असं मी नंतर नातेवाइकांत इतक्या वेळा म्हटलंय, की पुढे पुढे तो स्वतःच ते हसत हसत सांगायला लागला.

परीक्षेला सहा आठवडे होते. ठरल्याप्रमाणे सोमवारी संध्याकाळी सहाला तो माझ्या दारात उभा. कव्हर घातलेली वही, दोन पेनं, टोक काढलेली पेन्सिल, कोरं खोडरबर.

"येऊ का आत, बाई?" त्याने विचारलं.

"ये. आणि चेष्टा बाहेर ठेवून ये."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो. मी पुस्तकातलं पहिलंच गणित दिलं. गुळगुळीत फरशीवर वीस किलोची पेटी आहे. तिला चाळीस न्यूटन बलाने ढकललं, घर्षण नगण्य मानून त्वरण काढा. चाळीस भागिले वीस, बरोबर दोन. सातवीतलं पोर सांगेल. धाकट्याने गणित दोनदा वाचलं.

"ताई, ढकलणारा कुठे उभा आहे?"

"कुठे म्हणजे? फरशीवर."

"त्याच फरशीवर? मग तोही घसरणार. घर्षणच नाही म्हटल्यावर पेटी पुढे जाईल आणि हा मागे जाईल. ढकलत राहणार कसा?"

"तू पेटीपुरतं बघ."

"बघतो. पण माणूस पडेल, एवढंच म्हणतोय."

त्याचं बरोबर होतं. हे गणित मी हजार पोरांना तरी घातलं असेल, पण ढकलणारा कुठे उभा आहे असं एकानेही विचारलं नव्हतं. अर्थात मी तसं काही बोलले नाही. 'दोन मीटर प्रति सेकंद वर्ग' असं वहीत लिहायला लावलं आणि पुढे गेले.

पुढचं गणित लिफ्टचं होतं. म्हटलं, हे तरी याला आवडेल. आठशे किलोची लिफ्ट दोनच्या त्वरणाने वर जाते आहे, तर दोरातला ताण किती? धाकट्याने पट्टी घेऊन सुबक आकृती काढली. शाफ्ट, दोन्ही बाजूंचे रूळ, मध्ये केबिन, वर चाक, चाकावरून पाच दोर, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. म्हणजे केबिन वर जाताना खाली येणारी आणि खाली येताना वर जाणारी लोखंडी ठोकळ्यांची चळत. त्या चळतीचं वजन त्याने स्वतःच ठरवलं होतं. उत्तराला पाचाने भागलं होतं.

"हे पाच कुठून आले?"

"दोर पाच असतात."

"या लिफ्टला एकच आहे."

"आणि काउंटरवेट?"

"नाहीच."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग या लिफ्टला मी सही देणार नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. पण खरी गोम तिसऱ्या गणितात कळली. लिफ्टचा दोर तुटला, तर आत उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचं वजन किती भासेल? पुस्तकात उत्तर आहे शून्य. सगळ्या जगातल्या पुस्तकांत तेच आहे.

"असं होत नाही," धाकटा म्हणाला.

"काय होत नाही?"

"लिफ्ट पडत नाही, ताई. वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर पहारा करणारं चाक, सुटतो, केबिनच्या खालचे जबडे रुळांना धरतात आणि केबिन थांबते. आतल्याचं वजन शून्य नाही होत, उलट दुप्पट-तिप्पट भासतं. गुडघ्यांना कळतं. चाचणी चालू असताना मी एकदा आत होतो."

"परीक्षेत काय लिहिलंस?"

"हेच. दोन्ही वेळा आलं होतं. दोन्ही वेळा दीड पान लिहिलं."

"आणि मार्क?"

"दोन्ही वेळा भोपळा."

मी कपाळाला हात लावला. हा माणूस परीक्षेत चुकत नव्हता, तर नोकरी करत होता. समोर कागदावर लिफ्ट आली, की त्यातली माणसं वाचवल्याशिवाय त्याचं पेन पुढे सरकत नव्हतं.

"हे बघ," मी म्हटलं, "परीक्षेत खरं काय ते लिहायचं नसतं, विचारलंय तेवढंच लिहायचं असतं." आणि चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य निघालं म्हणून माझी मलाच लाज वाटली.

पहिले दोन आठवडे नुसती खडाजंगी. मी म्हणायचे, दोराला वजन नाही असं समज. तो म्हणायचा, तीस मजल्यांच्या दोराचं वजन तू उचलून दाखव. मी म्हणायचे, चाक घर्षणरहित आहे. तो म्हणायचा, मग केबिन वर कशी जाणार, दोर चाकावर घसरत बसेल. सराव परीक्षेत मी त्याला चौतीस दिले. तो वही पिशवीत ठेवून निघाला, आणि जिना उतरताना मला त्याची पाठ एकदम म्हाताऱ्या माणसाची वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला त्याच्या कामावर नेलं. "तू रोज मला तुझं दाखवतेस," तो म्हणाला, "आज माझं बघ." दुपारची वेळ होती. एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवरची खोली, तिला ते मशीन रूम म्हणतात. तेलाचा वास, मोटर, हिरव्या रंगाचं मोठं चाक, त्याच्या खोबणींतून खाली अंधारात उतरलेले दोर. लिफ्ट बंद करून त्याने खालच्या साथीदाराशी फोनवर दोनदा खात्री करून घेतली, की केबिन रिकामी आहे आणि सगळी दारं लागली आहेत.

"आता मी वीज न देता फक्त ब्रेक ढिला करणार," तो म्हणाला. "केबिन कुठे जाईल?"

"खाली," मी म्हटलं. न शिकलेला माणूसही हेच म्हणाला असता.

त्याने लांब दांडा धरून ब्रेक हलकासा उचलला. चाक फिरायला लागलं. केबिन वर यायला लागली, सावकाश, आपली आपण. मी कठडा धरून खाली वाकून बघत राहिले.

"काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं," धाकटा म्हणाला. "अर्धी भरली की दोन्ही सारखी. मोटरला फक्त मधला फरक ओढायचा असतो." मग त्याने दांडा सोडला, ब्रेक पुन्हा बसला आणि चाक जागच्या जागी थांबलं. एवढं सगळं त्याने एका हाताने केलं होतं.

घरी येऊन मी पुस्तक माळ्यावर टाकलं आणि स्वतः गणितं करायला बसले. पेट्या गेल्या, गुळगुळीत फरशा गेल्या, उतारावरून घरंगळणारे चेंडू गेले. रिकामी केबिन, भरलेली केबिन, काउंटरवेट, शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यातल्या स्प्रिंगवर आदळणारी केबिन, तिची किती ऊर्जा स्प्रिंगमध्ये जाईल. पुस्तकातला दोर तुटण्याचा प्रश्न त्याला मी असा घातला: "गव्हर्नर सुटायच्या आधीच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात वजन किती भासेल?" तो हसला. "तेवढ्यात शून्य," म्हणाला, आणि लिहिलं. एकदम चक्र फिरल्यासारखं झालं. बल काय, त्वरण काय, जे मी मांडायचे ते त्याला आधीच ठाऊक असायचं. फक्त ते कोणत्या अक्षराने लिहितात एवढंच माहीत नसायचं. सराव परीक्षांत चव्वेचाळीस झाले, मग एकोणपन्नास, मग त्रेपन्न. भावजयीने फोन करून सांगितलं, की हल्ली हे आंघोळ करताना गुणगुणतात.

मग परीक्षेच्या आधीचा मंगळवार आला. मी नवं गणित मांडलं होतं. माणसांसकट लिफ्ट हजार किलो. काउंटरवेट सहाशे. ब्रेक सुटला. पाच मीटर खाली आल्यावर वेग किती? ऊर्जेने सोडवा.

"हजाराला सहाशे? कुणी बसवलंय हे?"

"मी बसवलंय."

"आणि गव्हर्नर?"

"गव्हर्नर सुट्टीवर आहे. तू गणित कर."

मी चहाचं आधण ठेवून ओट्यापाशीच उभ्या उभ्या एका पाकिटाच्या पाठीवर उत्तर काढलं. सहा पूर्णांक तीन. वळून बघते तर त्याने पाच लिहिलं होतं.

"चूक," मी म्हटलं. "सुरुवात बरोबर आहे. एक खाली येतंय, दुसरं वर जातंय, म्हणजे चारशेचा फरक. गुणिले दहा, गुणिले पाच मीटर. वीस हजार ज्यूल. ते सगळे वेगात गेले. एक द्वितीयांश एम व्ही वर्ग. एम किती?"

"सोळाशे."

"सोळाशे कुठून आणलेस? लिफ्ट हजारची आहे."

"पण ताई, काउंटरवेटही पळतंय की. वर. तेवढ्याच वेगाने."

"ते आपण आधीच वजा केलंय ना? एकच गोष्ट दोनदा धरायची नसते."

"तरी पण त्याला पळवायला काहीतरी खर्च होणारच ना," तो हळूच म्हणाला. "सहाशे किलो लोखंड आहे ते."

चहा उतू गेला. मी शेगडी पुसत होते, बोटं पोळली होती, आणि एम म्हणजे लिफ्टचं वस्तुमान हे चौतीस वर्षांत बोटांतच बसलं होतं. मी म्हटलं, "परीक्षेला चार दिवस राहिलेत. आता जास्त शहाणपणा नको. खोड ते." आणि खोडरबर त्याच्याकडे सरकवलं.

"बरं," तो म्हणाला. त्याने खोडलं आणि खाली स्वच्छ अक्षरात सहा पूर्णांक तीन लिहिलं.

शनिवारी सकाळी दहाला पेपर होता. तो जाताना माझ्याकडे डोकावून, पाया पडून गेला. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. सव्वादहाला टेबल आवरताना त्याची वही हातात आली. पानं चाळता चाळता मंगळवारचं पान उघडलं. खोडलेल्या जागी पेन्सिलीचा वळ अजून दिसत होता. एक हजार अधिक सहाशे, कंसात. आणि शेवटी पाच.

मास्तरकीची खोड अशी, की पोर चुकलं तरी नेमकं कुठे चुकलं ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी ते गणित ऊर्जेऐवजी बलाने करून बघितलं. हजाराचं खाली ओढणं, सहाशेचं वर ओढणं, निव्वळ बल चार हजार न्यूटन. या चार हजार न्यूटनने किती वस्तुमान हलवायचं? मी पेन्सिल टेकवली आणि हात थांबला. एकाच दोराला दोन्ही बांधलेली. एक हललं की दुसरं हलणारच. सोळाशे. त्वरण अडीच. वेगाचा वर्ग दोन गुणिले अडीच गुणिले पाच, पंचवीस. वेग पाच.

पुन्हा केलं. पुन्हा पाच आलं.

त्याला फोन लावला, तो अर्थात बंद. घरातल्याच चपला पायांत होत्या, तशीच निघाले. बसमध्ये मी हिशेब करत होते. सराव परीक्षांत कसेबसे त्रेपन्न. काउंटरवेटचा प्रश्न आला तर आठ मार्कांचा असतो. आणि तो मी सांगितलंय तसंच लिहिणार, कारण आजवर त्याने माझा शब्द कधी मोडला नाही.

मंडळाचं कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. लांब कॉरिडॉर, भिंतीला टेकून बाकं, परीक्षेच्या खोलीच्या दाराला हातभर काच. काचेतून मला धाकट्याची मान दिसली. पेपरवर अगदी ओणवा झाला होता.

"बाई, आत जाता येणार नाही," शिपाई म्हणाला.

"मला आत नाही जायचं. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे."

"तेच तर चालत नाही, बाई."

मी बाकावर बसले. शाळेत मी अशा पालकांना किती वेळा हाकललं होतं. आज माझी पाळी होती, आणि मला माझी भयंकर चीड आली होती.

एक वाजता ते सगळे बाहेर आले. चाळीसेक मेकॅनिक, बहुतेकांच्या हातांच्या रेषांत काळं तेल मुरलेलं. धाकटा मला बघून घाबरला. "ताई? घरी सगळं ठीक आहे ना?"

"असंच आले," मी म्हटलं. "कसा होता—"

"पेपरचं काही विचारू नकोस हं," त्याने हात वर केला. "चार वाजता यादी लागते. तोपर्यंत एक शब्द नको."

आता काय बोलणार? त्याने माझं उत्तर लिहिलं असेल, तर ते चूक आहे हे आत्ता सांगून त्याचे तीन तास जाळायचे? आणि नाही सांगितलं, तर मी तिथे कशाला आले होते? आम्ही खालच्या कँटीनमध्ये चहा घेतला. शेजारच्या टेबलावर दोघं जण हुज्जत घालत होते.

"ते काउंटरवेटचं आठ मार्कांचं, किती आलं तुझं?"

"मी फक्त केबिनचं धरलं."

"हॅट! दोन्ही धरायचं असतं."

माझा कप बशीवर आपटला. धाकट्याने मान वर केली नाही. तो चहा ढवळत राहिला, बराच वेळ, साखर नसलेला चहा. मला वाटलं, झालं. याला कळलंय. माझ्यामुळे गेलं हे कळलंय आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलाय.

चार वाजून दहा मिनिटांनी शिपायाने दारावर कागद चिकटवला. गर्दी उसळली. धाकटा सगळ्यांच्या मागे उभा राहिला, आपली पाळी येईपर्यंत. मग पुढे होऊन त्याने बोट ठेवलं आणि ओळीवरून तीनदा फिरवलं. सतरा नंबर. पंचावन्न. उत्तीर्ण.

तो बाजूला झाला. खिशातून फोन काढला, भावजयीला लावला, "झालो गं," एवढंच म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. फोनमधून रडण्याचा आणि हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मी मात्र तिथे उभी राहून वजाबाकी करत होते. पंचावन्नातून ते आठ गेले असते, तर सत्तेचाळीस.

"ते काउंटरवेटवालं," तो फोन ठेवतोय तोच मी विचारलं, "काय लिहिलंस त्यात?"

त्याचा चेहरा पडला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पास झालेला, लोक येऊन पाठ थोपटतायत, आणि माझ्याकडे तो पंधरा वर्षांच्या पोरासारखा बघत होता.

"रागावणार नाहीस ना?"

"नाही. सांग."

"तू सांगितलंस तसंच सुरू केलं होतं. एम म्हणून केबिनच लिहिली. पण मग हात पुढे जाईना, ताई. तेवढं लोखंड डोळ्यांपुढे पळत होतं. त्याला कसं सोडू? खोडलं आणि दोन्ही धरली." तो खाली बघत होता. "तुझा शब्द मोडला."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. "चूक माझी होती. सकाळी कळली. तेच सांगायला धावत आले होते."

चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यासमोर मी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. धाकट्याने नुसती मान हलवली. त्याला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारीच. तू चहा गाळत होतीस तेव्हा पुन्हा करून बघितलं मनात."

"मग मला सांगता येत नव्हतं?" माझा आवाज चढला. दोघं-तिघं वळून बघायला लागले. "परीक्षा तोंडावर आलीये, मी तुला धडधडीत चुकीचं शिकवतेय, आणि तू बरं म्हणून खोडून टाकतोस? तोंड नाहीये का तुला?"

तो माझ्याकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, कुरकुरही नव्हती. काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं हे ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात तो म्हणाला, "सांगितलं होतं की, ताई."

सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिलं नाही पटलं म्हणून दुसऱ्या शब्दांत. पुस्तकातल्यापेक्षाही सोप्या शब्दांत. आणि अडतीस वर्षांपूर्वी मी वह्या भिरकावत होते, तेव्हा त्याने काय काय सांगितलं असेल, ते आता मला कुठून कळणार? मी तेव्हाही ऐकत नव्हते. आणि त्या कॉरिडॉरमध्ये, चाळीस मेकॅनिक आणि एका शिपायासमोर, मी ओक्साबोक्शी रडायला लागले.

धाकटा गडबडून गेला. त्याने मला धरून बाकावर बसवलं, खिशातला रुमाल काढला, तो तेलकट आहे हे बघून परत ठेवला, आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"अगं ताई," तो हसत होता आणि त्याचेही डोळे भरले होते, "झालो ना मी पास! आता कशाला रडतेस?"